एकशे सात टिचक्या

१

कार्तिकातल्या एकादशीचा काकडा आटोपून पळसबोडीची मंडळी देवळाबाहेर पडली आणि तेवढ्यात चौकातला भोंगा वाजला. भोंगा वाजला म्हणजे जंगलाच्या वेशीवरच्या गस्तचौकीतून संदेश आला, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. चौकीवर मोबाईल लागत नाही. तिथल्या जुन्या संगणकावर टाईप केलेला मजकूर छपरावरच्या डिशच्या तबकडीवरून गावात येतो आणि देवरावच्या दुकानाच्या भिंतीवरल्या पाटीवर लाल दिव्यांनी उमटतो. त्या दिवशी उमटलं ते असं:

"जय गुरुदेव. सर्व गावकरी भाऊ बाईंना नमस्क"

आणि शेवटी एक रिकामी चौकट, दात पडलेल्या जागेसारखी.

म्हाताऱ्या रामाजीनं मान उंच करून वाचलं. "चौकीवरली रंजीता एकादशीचा नमस्कार करून राह्यली," असं म्हणत त्यानं पाटीला हात जोडले, विळा काखेत मारला आणि मामा तलावाखालच्या बांधीत धान कापायला निघून गेला.

तासाभरात त्याला चौघांनी खाटेवर घालून आणलं. तलावाच्या पाळीवर, कडेच्या बांधावर, वाघीण होती, सोबत दोन पिलं. अंगावर आली नाही बिचारी, नुसती गुरगुरली. पण पळता पळता म्हातारा शेताच्या धुऱ्यावरून कोसळला, डोक्याला खोक पडली आणि उजवं मनगट मोडलं. चार दिवसांनी पौर्णिमेला गोपालकाल्याच्या कीर्तनात मृदंगावर पडणार होतं ते हेच मनगट.

दुपारी पाळी संपवून रंजीता चौकीवरून परतली तेव्हा रामाजीची बायको मनकर्णाबाई चौकात उभीच होती.

"नमस्कार केला वो माय, अन् वाघीण पोटात ठेवली," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं.

"मी लिवलं होतं बाई. वाघीण पाळीवर हाय, कोणी जाऊ नये, सगळं लिवलं होतं."

"पाटीवर काऊन नाई मंग?"

गस्त समितीचा अध्यक्ष देवराव. त्यानं रंजीताचं पट्ट्यांचं जॅकेट आणि शिट्टी काढून घेतली. पौर्णिमेला काल्यानंतर सभा भरेल आणि तिला ठेवायचं की काढायचं ते गाव ठरवील, असं सांगितलं. बाईमाणूस जंगलात गस्त घालते म्हणून दोन वर्षं नाक मुरडणाऱ्या गावानं आत्ता कुठे तिच्या शब्दावर मागं फिरायला सुरुवात केली होती.

गर्दी पांगली. एक माणूस मात्र पाटीखाली थांबून त्या रिकाम्या चौकटीकडे बघत राहिला.

२

तो नानाजी. वनखात्यात एकतीस वर्षं बिनतारी यंत्रावर बसला, म्हणून गावानं त्याचं नावच बिनतारी नानाजी पाडलं. आता गळ्यात तुळशीची माळ आणि हातात टाळ. पंचक्रोशीत कीर्तन कुठेही असो, नानाजी पहिल्या ओळीत. बुवांनी नमन म्हटलं की त्याचे डोळे मिटायचे आणि निरूपणाला तोंड फुटलं की उघडायचे.

ती चौकट त्याला खुपत होती. माणसानं नमस्कार अर्धा सोडला तर सोडला. पण सोडून दिलेल्या जागी चौकट कोण काढून ठेवील?

दुसऱ्या दिवशी तो आधी रामाजीकडे गेला. म्हातारा पट्टीतला हात छातीशी धरून पडला होता.

"दुखते का गा?"

"दुखण्याचं सोड. काल्याले मृदंग कोण वाजवते ते सांग."

"ते पाहू. पाटीवर रंजीताचा नुसताच नमस्कार याआधी कधी आला होता?"

उत्तर मनकर्णाबाईनं दिलं, चुलीपासूनच. "दोनदा. मागच्या आठ दिवसांत. मीच म्हटलं होतं, पोरीले कार्तिकात देवाचं याड लागलं. मंदिरात तिचं कौतुक केलं मी, नानाजी. आता लाज वाटते."

"दिवाळीच्या आधी येत होता असा?"

"आधी कुठी? आधी नमस्कार यायचा अन् त्याच्यामागं पुरी बातमी यायची."

नानाजी रंजीताच्या घरी गेला. ती अंगणात बसून होती. दिवसभर करण्यासारखं काही नसलेल्या माणसासारखी. त्याला पाहून उठली आणि एक वही घेऊन आली. टाईप करण्याआधी ती मजकूर नेहमी वहीत लिहून बघायची.

"जय गुरुदेव. सर्व गावकरी भाऊ बाईंना नमस्कार. मामा तलावाच्या पाळीवर वाघीण पिलांसह आहे. आज तिकडे कोणी जाऊ नये."

"हे देवरावले दाखवलं का?"

"दाखवलं. ते म्हणतात, वहीत मागून बी लिवता येते." ती थोडं थांबली. "काका, आठ दिवसांपासून लोक मले वाटेत भेटले का लई मायेनं जय गुरुदेव म्हणत. मले वाटे, चांगलं वागून राह्यले. मंग आता समजते का माह्या बातम्या त्याईले भेटतच नव्हत्या. कोणाले काई झालं असतं तर?"

नानाजीनं वहीचं पान पुन्हा वाचलं. वही खरी असेल. पण गावाला खरं वाटायचं, तर तिच्या बाजूनं बोलणारा साक्षीदार तिच्या हातातला नको होता.

३

तो साक्षीदार चौकीवर होता, पण कोणी त्याला विचारलं नव्हतं.

चौकीवर विक्की बसला होता, रंजीताचा गस्तीतला जोडीदार. सकाळची पाळी तिची, दुपारची याची. आता दोन्ही पाळ्या याच्या अंगावर पडल्या होत्या, म्हणून तोंड आंबट.

"तिची जागा तुले पाहिजे होती म्हणतात," नानाजीनं सरळच विचारलं.

"मले? सकाळी चार वाजता उठून धुक्यात चालत येणं मले पाहिजे?" विक्की हसला. "नानाजी, तिची पाळी मले कायमची देली तर मी बल्लारपूरले पळून जाईन, कागदकारखान्यात."

"तुह्या बातम्या पुऱ्या येतात पाटीवर?"

"एकूण एक. पण मी नमस्कार-गिमस्कार करत नाई. इंग्रजी अक्षरात ठोकतो, वाघ शाळेजवळ, जाऊ नका, खतम. ती मराठीत लिवते, म्हाताऱ्याईले वाचता यावं म्हणून."

"संगणक काई लिवून ठेवते का, काय पाठवलं त्याचं?"

"मजकूर नाई ठेवत. नुसती वेळ अन् लांबी." विक्कीनं यादी उघडली. एकादशी, सहा वाजून दहा मिनिटं, लांबी १०७. "गावातल्या यंत्रातबी हाच आकडा हाय. काल देवरावभाऊनं पाह्यला. एकशे सात गेले, एकशे सात पोचले. म्हणजे वाटेत काई सांडलं नाई. म्हणून तर ती खोटी ठरली."

नानाजी त्या आकड्याकडे बघत बसला. बिनतारीवर प्रत्येक संदेशाच्या कपाळी शब्दसंख्या लिहायची, घेणाऱ्यानं उतरवून झाल्यावर पुन्हा मोजायची आणि जुळली तरच सही करायची. एकतीस वर्षं त्यानं हेच केलं होतं. इथे मात्र आकडा सगळ्यांनी पाहिला होता आणि मोजलं कोणीच नव्हतं.

त्यानं निरोप धाडून रंजीताला चौकीवर बोलावलं. वहीतला मजकूर पुन्हा टाईप करायला सांगितलं, पाठवायचा नाही, नुसत्या टिचक्या मारायच्या. अक्षराला एक टिचकी, काना-मात्रेला एक, अनुस्वाराला एक, पाय मोडायच्या खुणेला एक, मोकळ्या जागेला एक, टिंबाला एक. ती एकेक कळ दाबत गेली आणि नानाजी गळ्यातली माळ हातात घेऊन एकेक मणी ओढत गेला.

शेवटचं टिंब पडलं तेव्हा एकशे आठ मण्यांच्या माळेत मेरुमण्याआधी एक मणी शिल्लक होता.

"एकशे सात," विक्की पुटपुटला.

"अन् पाटीवर उमटलं ते?"

तेही मोजलं. 'नमस्क' पर्यंत टिचक्या भरल्या चाळीस.

विक्कीनं तोंडावर हात ठेवला. नुसता नमस्कार पाठवला असता, तर यादीत चाळीसच्या आसपास आकडा पडला असता. रंजीतानं एकशे सात टिचक्या मारल्या होत्या. वाघीण, पिलं, पाळ, सगळं तिच्या बोटांतून गेलं होतं.

रंजीतानं पदर डोळ्यांना लावला. पण नानाजीच्या कपाळावरची आठी तशीच होती. पोरगी खरी ठरली, म्हणजे सदुसष्ट टिचक्या कोणीतरी खाल्ल्या होत्या. आणि पाटी टांगली होती देवरावच्या भिंतीवर.

४

देवरावनं चहा पाजला आणि मग म्हणाला, "मी कापलं म्हणता तुमी."

"मी काई म्हणत नाई. विचारून राह्यलो. भोंगा वाजला का गिऱ्हाईक पळते, असं तूच म्हणत असतो."

"म्हणतो. दहादा म्हटलं असंन." देवराव खाली बघत राहिला. "पण रामाजी माह्या बापासंग मृदंग शिकला, नानाजी. त्याले वाघाच्या तोंडी देऊन मी किती किलो साखर विकीन? अन् कापायचं मले येते कुठी? पाटीची पेटी बल्लारपूरच्या पोरीनं कुलूप लावून देली. चाबी तिच्याजवळ."

"कोण पोरगी?"

"खुर्शीदभाऊची अमिना. आपल्या काल्याले भोंगे लावते नाई का खुर्शीदभाऊ, त्याची. दिवाळीनंतर येऊन तिनं दोन्हीकडचा प्रोग्राम नवा करून देला. जुना लई जुना झाला होता म्हणे."

दिवाळीनंतर. मनकर्णाबाईनंही हाच काळ सांगितला होता.

नानाजीनं घाई केली नाही. त्यानं आधी एक साधी परीक्षा लावली. विक्कीला सांगितलं, रंजीताचा मजकूर जसाच्या तसा मराठीत तू पाठव. रंजीताला सांगितलं, तोच मजकूर इंग्रजी अक्षरांत तू पाठव. स्वतः पाटीखाली उभा राहिला, आणि कोणी घाबरू नये म्हणून भोंग्याखाली देवरावला उभं केलं, "परीक्षा हाय, परीक्षा हाय" ओरडायला.

विक्कीचा मजकूर आला. "नमस्क" आणि चौकट.

रंजीताचा आला. नमस्कारापासून जाऊ नयेपर्यंत, शेवटच्या टिंबासकट.

म्हणजे हात कोणाचा, मन कोणाचं, याचा काही संबंध नव्हता. इंग्रजी अक्षरं सुखरूप पोचत होती. मराठी अक्षरं वाटेत अडत होती. नानाजीनं खुर्शीदच्या घरी फोन लावला आणि अमिनाला एवढंच म्हणाला, "बेटी, गोंदियाच्या गाडीनं मूल टेशनावर उतर. विक्की घ्यायले येईल. एक कोडं हाय, तुह्याशिवाय सुटत नाई."

तिनं हो म्हटलं.

५

अमिना चोवीस वर्षांची. चंद्रपुरात शिकली, बल्लारपूरला बापाच्या दुकानातच संगणकाचं काम करायची. चौकीवर पोचल्यावर तिनं आधी रंजीताला विचारलं, "रामाजी काका कसे आहेत?" तिच्यापर्यंत सगळं पोचलं होतं.

नानाजीनं तिला संगणकाकडे वळू दिलं नाही. समोर बसवलं.

"बिनतारीवर आमी संदेशाआधी संख्या सांगत होतो. एकदा एका नव्या पोट्ट्यानं शब्दाऐवजी अक्षरं मोजून संख्या धाडली अन् माह्या टोकाले घोळ झाला. तवापासून मी आकडा आयकला का पहिले विचारतो, आकडा कशाचा? तर बेटी, तुहा पाठवणारा म्हणते एकशे सात. घेणारा म्हणते एकशे सात. दोघंबी खरे. मले फक्त हे सांग, दोघं एकच वस्तू मोजून राह्यले का?"

अमिनानं रंजीताच्या वहीतला एक कोरा कागद मागितला.

"काका, तारेवरून किंवा तबकडीवरून अक्षरं जात नाहीत. बाइट जातात. बारीक काड्या समजा. इंग्रजीचं एक अक्षर म्हणजे एक काडी. मोकळी जागा, टिंब, एकेक काडी. पण आपल्या मराठीची प्रत्येक खूण, काना धरून, तीन काड्यांची पेंढी असते."

"अन् जुना प्रोग्राम?"

"तो ज्या भाषेत लिहिला होता, तिच्यात मजकूर आणि काड्या असा फरकच नव्हता. लांबी विचारली की ती काड्याच मोजायची. तेवढ्याच जायच्या, तेवढ्याच घेतल्या जायच्या. ती भाषा आता बंद पडली, म्हणून मी प्रोग्राम नव्या भाषेत आणला. नवी भाषा कडक आहे. मजकूर वेगळा ठेवते, काड्या वेगळ्या. एकाचं दुसरं करायचं तर आपणच सांगावं लागतं, आता पेंढी सोड, आता बांध. मी सांगितलं..." तिनं कागद जवळ ओढला. "पण मोजून झाल्यावर सांगितलं. आधी पेंढ्या मोजल्या, एकशे सात. तो आकडा पुढे धाडला. मग पेंढ्या सोडल्या, दोनशे एकोणऐंशी काड्या झाल्या. गावातलं यंत्र आकड्यावर विश्वास ठेवून एकशे सात काड्या घेतं आणि दार लावतं."

"कागदावर दाखव. हे ताडून पाह्यल्याशिवाय गाव मानणार नाई."

तिनं मांडलं. पाटीवर उमटलेल्या मराठी खुणा तेहतीस. तेहतीस त्रिक नव्व्याण्णव काड्या. मोकळ्या जागा सहा आणि पूर्णविरामाचं टिंब एक, झाल्या एकशे सहा.

"एक कमी भरते," विक्की म्हणाला.

"कमी नाही." अमिनानं पाटीवरच्या चौकटीसारखी चौकट कागदावर काढली. "'नमस्कार'मधल्या क नंतरचा काना. त्याच्या तीन काड्यांतली एकच आत आली आणि दार लागलं. एका काडीचा काना बनत नाही. म्हणून यंत्रानं चौकट काढून ठेवली. एकशे सात."

हिशेब असा तंतोतंत बसला की नानाजीला निरूपणातला अखेरचा दुवा जुळल्यासारखं वाटलं. कीर्तनात नमन आधी असतं, कारण पुढे निरूपण येणार असतं. इथे गावानं नमनालाच कीर्तन समजून हात जोडले आणि माणूस वाघिणीच्या वाटेला लागला. दोष ना भक्तीचा, ना नमस्काराचा.

"तू परीक्षा घेतली होती ना?"

"घेतली होती. इंग्रजीत. हॅलो लिहून पाठवलं, हॅलो आलं." ती कागदाची घडी घालत, उलगडत राहिली. "मी मराठी मुलगी, काका. मराठीत एक ओळ टाकून बघायला मला दहा सेकंद लागले असते."

दुरुस्ती खरोखरच एवढीशी होती. मोजायची ओळ पेंढी सोडण्याच्या ओळीखाली न्यायची. तिनं ती केली. रंजीतानं मजकूर पुन्हा पाठवला आणि पाटीखाली उभ्या देवरावनं तो अख्खा कागदावर उतरवून चौकीवर धाडला.

मग अमिना हळूच म्हणाली, "सभेत मशीन बिघडलं होतं एवढंच सांगितलं, तर चालेल का? अब्बा बावीस गावांत भोंगे लावतात. त्यांच्या नावावर बोलवलं होतं मला."

रंजीता खिडकीबाहेर बघत होती. नानाजीनं माळ गळ्यात नीट केली.

"ते मी ठरवणार नाई बेटी," तो म्हणाला. "काल्याले ये. कीर्तन आयक. मंग तुले जे वाटंल ते."

६

पौर्णिमेला काला झाला. बुवांनी सोप्या बोलीत, मधेमधे हसवत, डोळ्यांतून पाणी काढत कीर्तन केलं. मृदंगावर वरोऱ्याहून आलेला एक पाहुणा होता. रामाजी गळ्यात हात अडकवून त्याच्या शेजारीच बसला आणि बोल चुकला की कोपरानं ढोसत राहिला.

लाह्या-दह्याचा प्रसाद वाटून झाल्यावर देवराव उठला. नानाजीनं कागद उचलला, पण त्याच्या आधी अमिना बायकांतून उभी राहिली. मागे भोंग्यांच्या तारा गुंडाळत असलेला खुर्शीद थांबला.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मशीनची नाही. रंजीताताईनं सगळं लिहिलं होतं. मी प्रोग्राम बदलताना मोजणी चुकीच्या जागी ठेवली आणि मराठीत तपासून बघितलं नाही. रामाजी काकांचं मनगट माझ्यामुळे मोडलं."

मग तिनं पेंढ्या आणि काड्या समजावल्या. धान कापून आलेल्या गावाला ते लगेच समजलं. कोणीतरी मागून म्हणालं, "पोरीले आता या कामावर ठेवू नोका."

तेव्हा रंजीता बोलली. चार दिवसांत पहिल्यांदाच चार माणसांत बोलत होती.

"मले न विचारता काढलं, तसं तिले काढू नका. ती आपल्या तोंडानं बोलली. आपण कोणीच बोललो नाई. आठ दिवस पाटीवर अर्धा नमस्कार येत होता, एकानं तरी मले विचारलं का, बाई, हा तुटका काऊन?"

रामाजी हसला. "मी तर पाटीले हात जोडले होते," तो म्हणाला. "पोरी, पुढच्या साली तुह्या बापाचे भोंगे अन् माहा मृदंग. त्याच्यात खंड नाई पडणार." खुर्शीदनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

देवरावनं जॅकेट आणि शिट्टी पुढे केली. रंजीतानं ती घेतली नाही.

"ठेवा जी. मले पहिले मनकर्णाबाईले विचारायचं हाय." ती म्हातारीकडे वळली. "बाई, उद्या मी हाक देली, पाटीवर नाई, अशीच, तोंडानं, तर तुमी मागं फिरसान का?"

मनकर्णाबाईनं नवऱ्याच्या पट्टीकडे एकदा पाहिलं.

"फिरीन," ती म्हणाली. "अन् नाई फिरले तं माह्या झिपऱ्या धरून फिरव."

मंडपात हशा पिकला. रंजीतानं देवरावकडून जॅकेट घेतलं आणि एका बाहीत हात घातला. दुसरी बाही सापडत नव्हती; ती मनकर्णाबाईनं धरली.